एक कोटी चाळीस लाख सहाशे पाच भविष्यं

‘ॲव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’मध्ये डॉक्टर स्ट्रेंज टायटन ग्रहावर अधांतरी मांडी घालून बसतो, मान गरागरा हलवतो आणि डोळे उघडून सांगतो की आपण १,४०,००,६०५ भविष्यं बघून आलो. त्यातल्या किती ठिकाणी आपली सरशी होते? फक्त एका. २०१८ साली या वाक्याला थिएटरं चिडीचूप झाली होती. माझ्यासारखा प्रेक्षक मात्र अशा वेळी मनात भागाकार करायला लागतो, आणि एकदा भागाकार सुरू झाला की सिनेमाची भीती संपते.

ब्रिटनच्या नॅशनल लॉटरीत १९९४ पासून २०१५ पर्यंत ४९ आकड्यांतून सहा निवडायचे असत. सहाच्या सहा जुळण्याची शक्यता होती १,३९,८३,८१६ मध्ये एक. म्हणजे विश्व वाचण्याची शक्यता आणि मँचेस्टरच्या एखाद्या बसड्रायव्हरला जॅकपॉट लागण्याची शक्यता जवळपास सारखी. फरक अवघा १६,७८९ चा. आणि तो जॅकपॉट तर बहुतेक आठवड्यांत कुणा ना कुणाला लागतच असे.

डॉक्टरसाहेबांनी घालवलेला वेळ मात्र खरोखर चक्रावून टाकणारा आहे. एका भविष्याला एकच सेकंद दिला तरी अखंड १६२ दिवस लागतात. एक मिनिट दिलं तर साडेसव्वीस वर्षं. आणि प्रत्येक भविष्य त्या सिनेमाएवढं, म्हणजे १४९ मिनिटांचं धरलं, तर जवळजवळ चार हजार वर्षं होतात. सिंधू संस्कृतीची नगरं ओस पडू लागली होती त्या सुमारास बघायला बसला असता, तर आता कुठे शेवटच्या रिळावर आला असता. टायटनवर त्याने हे काम काही क्षणांत उरकलं.

पटकथा लिहिणाऱ्यांना दाद द्यायची ती शेवटच्या सहाशे पाचसाठी. नुसतं एक कोटी चाळीस लाख म्हटलं असतं तर थाप वाटली असती. सहाशे पाच म्हटलं की हा माणूस मोजून आलाय असं वाटतं. मोठा आकडा पटवायचा असेल तर त्याला सुट्टे पैसे जोडावे लागतात, आणि ही युक्ती हॉलिवूडची नाही. महाभारतातली अक्षौहिणी बघा. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ ही सगळ्यात लहान तुकडी, पत्ती. तिची तिप्पट, तिची पुन्हा तिप्पट, असं सात वेळा करायचं आणि शेवटी दहाने गुणायचं. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. एकूण २,१८,७००. कुरुक्षेत्रावर अशा अठरा होत्या, म्हणजे ३९,३६,६००. त्यातले हत्तीच ३,९३,६६० भरतात. आज आपल्या देशातले सगळे रानहत्ती एकत्र आणले तरी तीस हजारांच्या आत. बी. आर. चोप्रांनी ९४ भागांच्या ‘महाभारत’ मालिकेत हे युद्ध दाखवलं तेव्हा पडद्यावर मोजके रथ आणि भरपूर धूळ होती, आणि आम्ही एकही हत्ती कमी पडू दिला नाही. आकडा आधीच डोक्यात होता ना.

‘इन्फिनिटी वॉर’च्या खलनायकाचा, थॅनॉसचा, आकडा मात्र मला कधीच पटला नाही. त्याचं म्हणणं असं की लोकसंख्या फार झाली, साधनं पुरत नाहीत, म्हणून चुटकी वाजवून निम्मे जीव नाहीसे करायचे. ठीक. २०१८ मध्ये पृथ्वीवर साधारण ७६० कोटी माणसं होती. निम्मी म्हणजे ३८० कोटी. इतकी माणसं पृथ्वीवर याआधी कधी होती? १९७१-७२ मध्ये. भारतापुरतं बघितलं तर गंमत अजून वाढते. २०१८ मधली आपली लोकसंख्या सुमारे १३७ कोटी, त्याच्या निम्मी साडेअडुसष्ट. १९८१ च्या जनगणनेत भारतीय भरले होते ६८ कोटी ३३ लाख. म्हणजे सहा मणी गोळा करा, स्वतःच्या मुलीचा बळी द्या, अर्धं विश्व पुसून टाका, आणि पदरात काय पडलं? १९८१ ची शिरगणती. सदतीस वर्षांत पुन्हा जैसे थे. बॅलार्ड पिअरच्या गोद्यांतल्या एखाद्या कारकुनानेही याहून लांबचा विचार केला असता.

मूळ कॉमिकमधला थॅनॉस जास्त प्रामाणिक आहे. १९९१ च्या ‘इन्फिनिटी गाँटलेट’मध्ये जिम स्टार्लिनने त्याला साक्षात मृत्युदेवतेच्या प्रेमात पाडलंय. तिच्यावर छाप पाडायची म्हणून तो अर्धं विश्व मारतो. वेडेपणा आहे, पण त्या वेडेपणाला जनगणनेचा आधार लागत नाही. सिनेमावाल्यांनी त्याला अर्थशास्त्र शिकवलं आणि तिथेच तो गणितात नापास झाला.

हे एकदा कळलं की सवयच लागते. पडद्यावर ओरडून सांगितलेले आकडे मोजायला घेतले की आक्रसत जातात. पडद्यामागे, कुणी जाहिरात न केलेले आकडे मोजायला घेतले की फुगत जातात. यातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण सुपरमॅनचं.

जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले. पहिल्या गोष्टीची पानं तेरा, पानाला दहा डॉलर, इतका साधा हिशेब. ती गोष्ट ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आली. किंमत दहा सेंट. त्या अंकाची एक प्रत २०२४ मध्ये लिलावात साठ लाख डॉलरला गेली, म्हणजे छापील किमतीच्या सहा कोटी पट. हे आकडे बातम्यांत येतात. त्याच्या शेजारचा आकडा त्याहून बोचरा: ज्या चेकने ते १३० डॉलर चुकते झाले तो जुना, वटवलेला चेकच २०१२ मध्ये १,६०,००० डॉलरला विकला गेला. हक्कांपेक्षा हक्क गेल्याची पावती महाग.

आता १९७८ च्या सिनेमाकडे या. सुपरमॅनच्या बापाची भूमिका करायला मार्लन ब्रँडोने ३७ लाख डॉलर घेतले, शिवाय मिळकतीत वाटा वेगळा. पडद्यावर तो जेमतेम वीस मिनिटं दिसतो. वीस मिनिटांचे १,२०० सेकंद, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे २८,८०० चौकटी. ३७ लाखांना २८,८०० ने भागा. उत्तर येतं १२८ डॉलर आणि काही सेंट. म्हणजे सुपरमॅन नावाची अख्खी कल्पना, तिचा लाल झगा, तिची उड्डाणं, क्लार्क केंटचा चष्मा, सगळं मिळून दोन पोरांना जेवढे पैसे मिळाले, तेवढे ब्रँडोने प्रत्येक चौकटीमागे घेतले. एका सेकंदाचा चोविसावा भाग. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. सिनेमा येऊ घातल्यावर बोभाटा झाला, आणि १९७५ च्या अखेरीस कंपनीने या दोघांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर द्यायचं कबूल केलं. ब्रँडोच्या हिशेबात बसवलं तर साडेसहा सेकंद.

कॉमिक्स जमवणाऱ्या मित्रांना मी दुसरी एक जोडी ऐकवतो. ‘ॲक्शन कॉमिक्स’चा तो पहिला अंक सुमारे दोन लाख छापला गेला, त्यातल्या साधारण शंभरेक प्रती उरल्यात असा अंदाज आहे. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’चा पहिला अंक आला, पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह, आणि त्याच्या ८१ लाख प्रती खपल्या. हा गिनीज विक्रम आहे. लोकांनी गठ्ठेच्या गठ्ठे घेतले, प्लॅस्टिकमध्ये बंद केले, मुलांच्या कॉलेजची सोय झाली असं धरून चालले. तो अंक आजही किरकोळ पैशांत मिळतो. सगळ्यांनीच जपून ठेवला, मग दुर्मिळ कसा होणार? सुपरमॅनचा तो अंक पोरांनी वाचून फाडला आणि मोठ्यांनी रद्दीत घातला, म्हणून उरलेला महागला. माझ्या मते कॉमिक वाचून फाटणं हीच त्याची चांगली गती. काचेत घातलेलं कॉमिक मला बघवत नाही.

खपाचं म्हणाल तर जपानी मांगापुढे अमेरिकन कॉमिक्स फारच किरकोळ. एइचिरो ओदाचं ‘वन पीस’ १९९७ पासून चालू आहे आणि २०२२ मध्ये त्याच्या पुस्तकांचा खप ५० कोटींच्या पुढे गेला. एक पुस्तक दीड सेंटिमीटर जाड धरलं तर सगळ्यांची चवड ७,५०० किलोमीटर उंच जाते. १,६४६ मीटरची कळसूबाई एकीवर एक साडेचार हजार वेळा. गोष्ट अजून संपलेली नाही, आणि नायकाला खजिनाही सापडलेला नाही.

आपल्याकडे १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’ने दहा कोटींच्या वर प्रती विकल्या आहेत. त्यातला ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी काढला, आणि आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कित्येकांच्या मनात कृष्णाचा जो चेहरा आहे तो खरं तर वाईरकरांचा. त्याआधी, १९६४ पासून, ‘इंद्रजाल कॉमिक्स’ होतं. साठ पैशांना सुरू झालं, १९९० मध्ये बंद पडेपर्यंत आठशेच्या वर अंक निघाले. त्यातला आमचा वेताळ स्वतःच एक हिशेब आहे. पहिल्या वेताळाने कवटीवर हात ठेवून शपथ घेतली १५३६ मध्ये, आणि ली फॉकने १९३६ मध्ये जगापुढे आणला तो एकविसावा. चारशे वर्षांत वीस वेताळ होऊन गेले, म्हणजे दर वेताळामागे नोकरी वीस वर्षांची. पेन्शनच्या नियमात अगदी बरोबर बसतं.

टीव्हीवर तर याहून लांब नोकऱ्या झाल्यात. शिवाजी साटम ‘सीआयडी’त १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षं, १,५४७ भागांत, एसीपी होते. वीस वर्षांत बढती नाही. (पुढे मालिका पुन्हा सुरू झाली, हुद्दा तोच.) २००४ मध्ये याच मंडळींनी १११ मिनिटांचा भाग एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केला होता. अल्फ्रेड हिचकॉकच्या ‘रोप’चं एकसलगपणासाठी आजवर केवढं कौतुक झालं, आणि त्यात तर छुपे कट आहेत. ‘दया, दरवाजा’वर विनोद करणाऱ्यांनी या १११ मिनिटांवर एखादा लेख लिहायला हवा होता. ब्रिटनच्या ‘कॉरोनेशन स्ट्रीट’मध्ये विल्यम रोच १९६० च्या पहिल्या भागापासून साठ वर्षांहून जास्त काळ एकच भूमिका करत आलेत. तेवढ्या काळात वेताळाच्या तीन पिढ्या खपल्या असत्या.

आणि ‘चार दिवस सासूचे’. नावात दिवस चार, भाग तीन हजारांहून जास्त, २००१ ते २०१३. एक भाग जाहिराती वगळून बावीस मिनिटांचा धरला, तर तीन हजार भागांची ६६,००० मिनिटं होतात. झोप न घेता, चहाला न उठता बघितलं तर जवळजवळ ४६ दिवस. रामानंद सागरांना जन्मापासून राज्याभिषेकापर्यंत अख्खा राम ७८ भागांत पुरला. यावर नाक मुरडायची आपल्याकडे पद्धत आहे आणि मीही ती पाळायचो. पण जरा कामाच्या बाजूने बघा. तीन हजार भाग म्हणजे तीन हजार वेळा कुणीतरी संवाद लिहिले, कुणीतरी त्याच साडीच्या निऱ्या कालच्यासारख्या आहेत का ते तपासलं, कुणीतरी त्याच जिन्यावर पुन्हा लाइट लावला, आणि संध्याकाळी तो भाग गेलाच. अमेरिकेतली ‘गायडिंग लाइट’ १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि २००९ मध्ये संपली. रेडिओ आणि टीव्ही धरून १८,२६२ भाग. यातलं एकही दृश्य कुठल्या श्रेष्ठ दृश्यांच्या यादीत नाही. पण एखादी बाई पंधराव्या वर्षी ही गोष्ट ऐकू लागली असेल, तर सत्याऐंशीव्या वर्षापर्यंत ती ऐकत-बघत राहू शकली असती. महाकाव्य यालाच म्हणायचं, मग त्यात उपमा-उत्प्रेक्षा असोत नसोत.

‘चार दिवस सासूचे’मधल्या रोहिणी हट्टंगडी या आकड्यांची दोन टोकं बघितलेल्या अभिनेत्री आहेत. त्यांना कस्तुरबांच्या भूमिकेसाठी बाफ्टा मिळालं त्या ‘गांधी’त सिनेमाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गर्दी आहे. रिचर्ड ॲटनबरोने अंत्ययात्रेचं दृश्य ३१ जानेवारी १९८१ रोजी, खऱ्या अंत्ययात्रेनंतर बरोबर ३३ वर्षांनी, दिल्लीत चित्रित केलं. तीन लाखांवर माणसं, अकरा कॅमेरे, वीस हजार फूट फिल्म. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते, म्हणजे २२० मिनिटांहून जास्त चित्रण झालं. सिनेमात ठेवली १२५ सेकंदं. पडद्यावरच्या एका सेकंदाला २,४०० माणसं पडतात. त्यानंतर वीस वर्षांत ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्यांनी गर्दी संगणकात पेरायला सुरुवात केली, आणि आता दहा लाखांची फौज दाखवली तरी कुणी मान वर करत नाही. तीन लाख माणसांना दिल्लीच्या थंडीत सकाळी कुणीतरी उभं केलं होतं, हे माहीत असल्यामुळे ते दृश्य अजून अंगावर येतं.

खोटा मोठा आकडा खऱ्या कामाला झाकून टाकतो, याचं दुखरं उदाहरण आपल्याच घरात आहे. १९७४ च्या गिनीज बुकात लता मंगेशकरांच्या नावावर १९४८ पासूनची किमान २५,००० गाणी लागली. मोहम्मद रफींनी हरकत घेतली, त्यांच्या बाजूने २८,००० चा दावा झाला. दोन्ही बाजूंच्या चाहत्यांनी एकमेकांची डोकी फोडली, पण भागाकार कुणी केला नाही. सव्वीस वर्षांचे साडेनऊ हजार दिवस. दिवाळी-दसरा धरून, सर्दी-पडसं विसरून, रोज अडीचपेक्षा जास्त गाणी, तीही वाद्यवृंदासह, तालमी करून. कानपूरचे हरमंदिर सिंग ‘हमराज’, मुंबईचे विश्वास नेरूरकर अशा संग्राहकांनी रेकॉर्डच्या चकत्या आणि सिनेमांच्या पुस्तिका चाळून एकेक गाणं नोंदवायला घेतलं, तेव्हा लताबाईंची हिंदी चित्रपटगीतं पाच-सहा हजारांच्या घरातच भरतात असं दिसलं. गिनीजनेही पुढे तो दावा काढून टाकला. २०११ मध्ये आशा भोसले यांच्या नावावर विक्रम लागला तो ११,००० गाण्यांचा. माझ्या दृष्टीने पाच-सहा हजार हाच थक्क करणारा आकडा आहे, कारण त्यातलं प्रत्येक गाणं काढून दाखवता येतं. ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ हा या देशातला सगळ्यात उपेक्षित सुपरहिरो आहे.

राहता राहिला गल्ला. शंभर कोटी, पाचशे कोटी, हजार कोटी: हे आकडे मला सगळ्यात कमी सांगतात, कारण त्यात महागाईही मोजली जाते, मल्टिप्लेक्सची खुर्चीही आणि रविवारचा वाढीव दरही. ‘गॉन विथ द विंड’ची अमेरिकेत, पुनःप्रदर्शनं धरून, अंदाजे वीस कोटी तिकिटं गेली, तो आला तेव्हा देशाची लोकसंख्या होती तेरा कोटी. ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’ची तिकडे दहा कोटींच्या आतच गेली असावीत, लोकसंख्या तेहतीस कोटी असताना. डॉलरमध्ये बघितलं तर ‘एंडगेम’ पहाड, माणसांत बघितलं तर टेकडी. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ २० ऑक्टोबर १९९५ ला लागला आणि डिसेंबर २०१४ मध्ये मराठा मंदिरात त्याचे हजार आठवडे झाले. रोज एकच खेळ धरला तरी सात हजार खेळ. १८९ मिनिटांच्या सिनेमाची फिल्म पाच किलोमीटरहून लांब भरते. सगळे खेळ रिळांवर झाले असं मानलं, तर प्रोजेक्टरमधून छत्तीस हजार किलोमीटर फिल्म सरकली, आणि करोनाची टाळेबंदी लागेपर्यंत पृथ्वीची प्रदक्षिणा पूर्ण होऊन गेली. तिकीट स्वस्त होतं म्हणून गल्ल्याच्या यादीत यातलं काही दिसत नाही.

दादा कोंडके यांचे लागोपाठ नऊ सिनेमे पंचवीस आठवड्यांवर चालले आणि गिनीजमध्ये गेले, तेव्हा मोजमाप आठवड्यांचं होतं. २०१६ मध्ये ‘सैराट’ने मराठीत पहिल्यांदा शंभर कोटी गाठले तेव्हा मोजमाप रुपयांचं झालेलं होतं. या दोघांत जास्त माणसांनी कुणाला बघितलं, हे आज कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. फ्रान्समध्ये सिनेमाचं यश आजही तिकिटांत मोजतात. २००८ च्या ‘शे ले श्ती’ या त्यांच्या विनोदी सिनेमाची दोन कोटींवर तिकिटं गेली, हे तिथला कुठलाही चित्रपटप्रेमी सांगेल. मराठी निर्मात्यांनी, निदान त्यांच्या संघटनांनी, असा तिकिटांचा आकडा दर शुक्रवारनंतर छापायला सुरुवात करावी. आणि तुम्हाला कुणी एखाद्या सिनेमाचे पाचशे कोटी ऐकवले, तर एवढंच विचारा: माणसं किती?